सोनगडचे कैदी आणि न पटलेली कैफियत

महाडच्या वायव्येला, गांधारी नदीच्या अंगाला सोनगड आहे. रायगडाकडे धावणारी गर्दी तिकडे वळत नाही आणि वळली तरी वर पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही. पण शिवकालातल्या एका लांबलेल्या वादातले कैदी या गडावर काही काळ होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजापूर वखारीतले इंग्रज १६६१ च्या मार्चमध्ये शिवाजीमहाराजांच्या हाती सापडले. आधी वासोटा, मग सोनगड असे ते फिरवले गेले आणि त्यांची सुटका झाली १६६३ च्या फेब्रुवारीत. त्यांचा म्होरक्या हेन्री रेव्हिंग्टन. बरोबर फिलिप गिफर्ड, रिचर्ड टेलर, रँडॉल्फ टेलर आणि आणखी काही जण.

या कैद्यांबद्दल दोन समजुती रूढ आहेत. पहिली कंपनीच्या कैवाऱ्यांनी रुजवली आणि मराठी वाचकानंही बऱ्याच अंशी निमूट स्वीकारली. ती अशी: हे बिचारे मिरी-कापडाचे व्यापारी. शिवाजीनं राजापूर लुटलं, त्यात हे अनायासे सापडले. आम्ही व्यापारी आहोत, तुमच्या लढाईशी आमचं देणंघेणं नाही, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. पण पैशाच्या आशेनं त्यांना दोन वर्षं डांबून ठेवलं. दुसरी समजूत आपल्या डोंगरातली आहे. शिवथरच्या खोऱ्यात, कांगोरीच्या वाटेवर किंवा सोनगडाच्या पायथ्याशी कुणी किल्ल्याची माहिती सांगू लागला, की एक वाक्य हमखास येतं: इथे महाराजांनी इंग्रज हेर कोंडले होते.

दुसरी समजूत चुकीची आहे, पण ती भाबडी आहे. पहिली चुकीची आहेच आणि वर इभ्रतदारही आहे, म्हणून आधी तिचा समाचार घेतो. कैद्यांची कैफियत त्यांना धरणाऱ्यांना पटली नाही, हे खरं. ती पटू नये याला कारण होतं. ते कारण हव्यासात किंवा अडाणीपणात शोधायची गरज नाही, कारण ते कंपनीच्याच दप्तरात पडलेलं आहे.

पूर्वपक्षाला त्याचं श्रेय देऊन सुरुवात करू. राजापूरवरची स्वारी पैशासाठी होती, यात वाद नाही. शाइस्तेखान १६६० च्या मे महिन्यात पुण्यात येऊन बसला होता, ऑगस्टमध्ये चाकण पडलं होतं, घाटावरचा वसुलीचा मुलूख मोगलांच्या टाचेखाली होता. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाला कोंडीत धरून महाराज तसेच कोकणात उतरले आणि दाभोळ, संगमेश्वर करत राजापुरात आले. तिथल्या सावकारांना त्यांनी सोडलं नाही. पुरलेलं द्रव्य खणून काढल्याचं वर्णन परमानंदाच्या ‘शिवभारता’तही आहे, म्हणजे हा इंग्रजांचा कांगावा नव्हे, आपल्या बाजूचा कवीसुद्धा ते लपवत नाही. इंग्रजांची वखारही खणली गेली. इतर सावकारांकडे पैसा मागितला तसा यांच्याकडेही मागितला. एवढीच गोष्ट असती, तर पूर्वपक्ष जिंकला असता.

पण ही गोष्ट राजापूरच्या लुटीपासून सुरू होत नाही. तिची सुरुवात चौदा महिने आधीची आहे आणि पूर्वपक्ष नेमका तोच भाग गाळतो.

अफझलखान १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली मारला गेला. २८ नोव्हेंबरला पन्हाळा घेतला गेला आणि मराठ्यांची एक तुकडी दक्षिण कोकणात उतरली. अफझलखानाची गलबतं राजापूरच्या बंदरात होती. ती आणि तिथल्या आदिलशाही अंमलदाराचा माल हवा, अशी मराठ्यांची मागणी. अंमलदाराकडे आमचं कर्ज आहे, त्यापोटी माल आम्ही घेतला आहे, असं रेव्हिंग्टनचं उत्तर. हे उत्तर कदाचित खरंही असेल. पण शत्रूच्या मालावर आयत्या वेळी उभा राहिलेला सावकाराचा हक्क कुठल्या सरदाराला पटला असता? जानेवारी १६६० मध्ये मराठ्यांनी वखारीच्या दलालाला पकडलं, मागोमाग फिलिप गिफर्डलाही, आणि गिफर्डला खारेपाटणच्या किल्ल्यात ठेवलं.

म्हणजे गिफर्डची ही पहिली कैद. मग तीच कैफियत: आम्ही व्यापारी, आमचा पक्ष कुणाचाच नाही. याच वेळी, फेब्रुवारी १६६० मध्ये, रेव्हिंग्टननं महाराजांना पत्र लिहिलं. त्यात त्यांचा उल्लेख हिंदू फौजांचा सेनापती असा आहे, हे इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असतंच. मायना एवढा गाजला की पत्रातला मुद्दा मागे पडला. रेव्हिंग्टन मैत्री मागत होता आणि मैत्रीच्या बदल्यात दंडाराजपुरीच्या कामी मदत देऊ करत होता. दंडाराजपुरी म्हणजे सिद्दीचा मुलूख, समोर पाण्यात जंजिरा. मिरीच्या व्यापाऱ्यानं असं काही देऊ करावं, हे ध्यानात ठेवा. गिफर्ड महिन्याभरात सुटला.

मार्चमध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला. महाराज आत होते. उन्हाळ्यात रेव्हिंग्टन राजापूरहून निघाला आणि वेढ्याच्या छावणीत दाखल झाला. बरोबर उखळी तोफ, तिचे गोळे आणि माणसं. त्या माणसांत गिफर्डही. हेतू व्यापारीच होता, हे मी मान्य करतो: कंपनीचा दारूगोळा खपवायचा, त्यासाठी तो गिऱ्हाइकासमोर उडवून दाखवायचा. पण उडवून दाखवायचा तो कुठे? पन्हाळ्यावर. आणि कुणाच्या निशाणाखाली? इंग्रजांच्या.

इथे थोडं थांबायला हवं. सतराव्या शतकात या भागात फिरंगी गोलंदाज नव्या नवलाईचे नव्हते. आदिलशहाच्या, मोगलांच्या, पुढे मराठ्यांच्याही चाकरीत ते असत. पगार घेत, तोफ डागत आणि पकडले गेले तर धन्याचे चाकर म्हणून वागवले जात. रेव्हिंग्टननं गोलंदाज म्हणून जौहरची चाकरी धरली असती, तर पुढचा वाद निराळा झाला असता. तो गेला कंपनीचा वखारदार म्हणून आणि निशाण लावलं ते कंपनीच्या देशाचं. दोन महिन्यांपूर्वी ज्याला सेनापती म्हणून संबोधलं, ज्याच्याकडे मैत्री मागितली, त्याच्यावरच गोळे टाकले.

महाराज जुलैच्या मध्यावर गडावरून निसटले. तोवर ते आतच होते. म्हणजे पुढे सोनगडच्या कैद्यांची कैफियत ज्याच्या दरबारी जायची होती, तो धनी स्वतः प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होता. पूर्वपक्षाचा वकील इथे म्हणेल की फिर्यादी आणि न्यायाधीश एकच झाला, हा कसला न्याय! आक्षेप रास्त आहे. पण तो शिक्षेपुरता रास्त आहे. घडलेली गोष्ट खरी की खोटी, हे ठरवताना प्रत्यक्ष गोळे खाणाऱ्यापेक्षा चांगला साक्षीदार कुठून आणायचा?

आता मार्च १६६१. राजापुरात कैद झाल्यावर इंग्रजांनी पुन्हा तेच सांगितलं. त्यांची चौकशी कुठल्या खोलीत झाली, कुणी कोणता प्रश्न विचारला, याचा मराठी कागद नाही. करीना नाही, तकरीर नाही, काही नाही. आपल्यापर्यंत आली ती कैद्यांची सुरतेला गेलेली पत्रं आणि सुरतेची उत्तरं. सगळ्या प्रकरणाची गोम इथेच आहे. एका पक्षाचे कागद टिकले, दुसऱ्याचे गेले, आणि टिकलेल्या कागदांचा सूर लोकांनी निकाल म्हणून घेतला. त्या पत्रांत हाल आहेत, आजार आहेत, सुरतेच्या वरिष्ठांवरचा संताप आहे. वाचताना माणसाचं मन कैद्याकडे झुकतं. झुकावंही. महाड-पोलादपूरचा पाऊस ज्यानं डोंगरावर काढला आहे, त्याला त्या माणसांच्या चार महिन्यांची कल्पना करायला पत्रांची गरज नाही. पण हाल खरे असले म्हणून कैफियत खरी ठरत नाही.

धरणाऱ्यांच्या बाजूनं बोलणी करणारा माणूस म्हणून इंग्रजी पत्रांत रावजी पंडित येतो. हा रावजी सोमनाथ. राजापूरचा कारभार त्याच्याकडे होता. या बोलण्यांतली एक मागणी पूर्वपक्षाला अडचणीची आहे, म्हणून तिच्यावर तो फार बोलत नाही. कैद्यांना सांगण्यात आलं की दंडाराजपुरी घ्यायच्या कामी आम्हांला मदत करा, मग तुमच्या सुटकेचं आणि सवलतींचं बघू. कैद्यांनी हे टाळलं. आधी सोडा, मग बोलू, असा त्यांचा पवित्रा.

ही मागणी नीट तपासून पाहा. कापडाच्या गठ्ठ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनाला सिद्दीचा जलदुर्ग पाडायला कुणी बोलावत नाही. तोफ आणि ती चालवणारी माणसं यांच्यापाशी आहेत आणि किल्ल्याच्या वेढ्यात ती आणायला हे कचरत नाहीत, हे ज्याला माहीत आहे तोच असं विचारेल. शिवाय हा प्रस्ताव मराठ्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. वर्षापूर्वी रेव्हिंग्टननं स्वतःच्या पत्रात जे देऊ केलं, तेच आता त्याच्यापुढे परत ठेवलं जात होतं. आम्ही फक्त व्यापारी, असं म्हणणाऱ्याला त्याचाच कागद दाखवावा, तसा हा प्रकार आहे. चौकशी करणाऱ्यांचा अविश्वास संशयी स्वभावातून आलेला नव्हता. तीच माणसं, तीच कैफियत, आणि मधल्या काळात तिच्या नेमकं उलट वागणूक: यावर अविश्वास ठेवायला विशेष बुद्धी लागत नाही.

आता सगळ्यांत वजनदार पुरावा. सोनगडच्या कैद्यांनी सुरतेला चिडून लिहिलं की तुम्ही आमच्यासाठी काही करत नाही, कंपनीच्या मालाचं रक्षण करताना आम्ही पकडलो गेलो आणि तुम्ही आम्हांला वाऱ्यावर सोडलं. सुरतेला तेव्हा मॅथ्यू अँड्र्यूज अध्यक्ष होता. १० मार्च १६६२ च्या पत्रात सुरतेच्या कौन्सिलनं कैद्यांना जे उत्तर दिलं ते इतकं रोखठोक आहे की रावजी सोमनाथाला तोंड उघडायची गरज राहत नाही. आशय असा: कैदेत का पडलात हे तुमचं तुम्हांला चांगलं ठाऊक आहे. कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडले गेला नाहीत. पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन, इंग्रजांचं म्हणून ओळखू येणाऱ्या निशाणाखाली गोळे टाकलेत, म्हणून पकडले गेलात.

म्हणजे पूर्वपक्ष ज्या कंपनीच्या वतीनं बोलतो, तिनंच १६६२ मध्ये उत्तरपक्ष लिहून ठेवला आहे.

यावर प्रतिवाद ठरलेला आहे आणि तो हुशारीचा आहे. सुरतेच्या कौन्सिलला खंडणीचे पैसे भरायचे नव्हते. म्हणून त्यांनी सगळा दोष कैद्यांच्या माथी मारला. असा हितसंबंधी साक्षीदार काय कामाचा? कौन्सिलचा हितसंबंध होता, हे कबूल. सुरतेची माणसं कनवाळू नव्हती. रेव्हिंग्टन पन्हाळ्याला गेला तेव्हा डाव साधला असता आणि दारूगोळा खपला असता, तर याच सुरतेनं त्याची पाठ थोपटली असती, असं मला वाटतं. पण हितसंबंधी माणूस खोटं बोलतो तेव्हा तो ते कुणापाशी बोलतो, हे पाहावं लागतं. हे पत्र शिवाजीला लिहिलेलं नाही, लंडनलाही नाही. ते खुद्द रेव्हिंग्टनच्या सोबत्यांना आहे. पन्हाळ्यावर काय झालं हे ज्यांना सुरतेपेक्षा जास्त ठाऊक होतं, त्यांनाच. घडलंच नाही ते प्रत्यक्ष करणाऱ्याच्या तोंडावर घडलं म्हणून ठोकून देण्यात कुणाचा फायदा? दोष किती, यावर सुरतेचं मत पक्षपाती असू शकेल. निशाण होतं की नव्हतं, गोळे पडले की नाही, यावर नाही. पैसे वाचवणं एवढाच हेतू असता तर तिजोरीत पैसे नाहीत, एवढं लिहूनही भागलं असतं.

पूर्वपक्षाचे लोक आणखी एक गृहीत धरून चालतात: कैद्याच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणारा चौकशी अधिकारी हा मूळचाच आडमुठा किंवा क्रूर असतो. हे गृहीत अलीकडच्या युद्धांतही टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४० मध्ये, वुल्फ श्मिट नावाचा जर्मन हेर हवाई छत्रीनं इंग्लंडात उतरला आणि केंब्रिजजवळच्या विलिंगहॅम गावात धरला गेला. त्याला लंडनजवळच्या लॅचमिअर हाउसमध्ये नेलं. तिथला प्रमुख कर्नल रॉबिन स्टीफन्स. चौकशीत कैद्याला हात लावायचा नाही, असा त्याचा कडक नियम. अलेक्झांडर स्कॉटलंड नावाच्या एका बाहेरच्या अधिकाऱ्यानं श्मिटला मारलं तेव्हा स्टीफन्सनं त्याला पुन्हा तिथे पाऊल ठेवू दिलं नाही. श्मिट आपली बनावट कहाणी नेटानं सांगत राहिला. ती कुणालाच पटेना, कारण त्याचा सोबती गोस्टा कारोली आधीच पकडला गेला होता आणि श्मिट येणार हे त्यांना आधीच कळलं होतं. त्याच्या खोट्या ओळखपत्राचे तपशीलसुद्धा ब्रिटिशांच्याच हस्तकाकरवी जर्मनांकडे पोचवलेले होते. श्मिट अखेर मोडला आणि ‘टेट’ या नावानं ब्रिटिशांसाठी काम करू लागला. चौकशी करणाऱ्याची खरी ताकद त्याला आधीच काय माहीत आहे यात असते. रावजी सोमनाथाकडे बिनतारी यंत्रं नव्हती, पण त्याच्या धन्याला रेव्हिंग्टनचं पत्र आलेलं होतं आणि गिफर्डची खारेपाटणची कैद जुनी झालेली नव्हती.

आता आपल्या खोऱ्यातली समजूत: इंग्रज हेर. हेर असते तर ते निशाण लावून गेले नसते, एवढं एक वाक्य पुरेसं आहे. त्यांचा सगळा गुन्हाच उघडेपणाचा होता. आणि पकडलेल्या हेराला दोन वर्षं गडावर ठेवून त्याच्याशी बंदर घ्यायची बोलणी कुणी करत नाही. मग हेर आले कुठून? माझा कयास असा की इथे दोन वेगळ्या काळांतले कैदी एकमेकांत मिसळले आहेत. कांगोरी, म्हणजे मंगळगड, हा शिवथरच्या दक्षिणेचा डोंगर. १८१७ च्या नोव्हेंबरात पेशव्याचं इंग्रजांशी युद्ध पेटलं तेव्हा हैदराबादेहून पुण्याला निघालेले मद्रास फौजेतले दोन तरुण अधिकारी, हंटर आणि मॉरिसन, उरुळीजवळ पकडले गेले. बाजीरावानं त्यांना कांगोरीवर ठेवलं, पुढे वासोट्यावर हलवलं. १८१८ च्या एप्रिलमध्ये वासोटा पडला तेव्हा ते सुटले. सातारकर छत्रपतींचा भाऊ चतुरसिंग भोसले याच कांगोरीवर कैदेत होता आणि त्याच साली तिथेच वारला. म्हणजे डोंगर तोच, वासोटा तोच, कैदीही इंग्रजच. मधली दीडशेहून अधिक वर्षं लोकांच्या बोलण्यातून गळून पडली. पण हंटर आणि मॉरिसन हेही हेर नव्हते. ते शत्रूच्या फौजेतले अधिकारी होते, तसं सांगत होते आणि ते कुणी नाकारलंही नाही. त्यांच्या बाबतीत पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नव्हता.

सोनगडची कैद निराळी पडते ती यामुळेच. तिथे माणसं कोण आहेत, यावरच वाद होता. सैनिक म्हणावं तर ते स्वतः नाही म्हणतात. व्यापारी म्हणावं तर पन्हाळा आडवा येतो.

त्यांना या डोंगरात का आणलं, यावर मी थोडा तर्क करतो. जावळी मोऱ्यांकडून १६५६ मध्ये घेतली. कांगोरी, रायरी हा सगळा मुलूख तेव्हा नुकता पाच वर्षांचा स्वराज्यातला. राजापूरच्या बंदरापासून लांब, विजापूरच्या फौजेला अवघड, मोगलांना त्याहून अवघड. पण महाडची गोष्ट वेगळी आहे. सावित्रीतून भरतीचं पाणी महाडपर्यंत येतं आणि पाण्याची वाट पाहिली की समुद्रावर वाढलेल्या माणसाला नको ते सुचतं. कैद्यांनी पळून जायचा प्रयत्न केलाही. तो फसला आणि त्यानंतर त्यांना अधिक बंदोबस्तात ठेवलं गेलं. रेव्हिंग्टन तोवर तिथे नव्हता. तो आजारी पडला म्हणून त्याला आधीच सुरतेला जाऊ दिलं होतं आणि तिथे तो फार दिवस जगला नाही. फक्त पैशासाठी ओलीस ठेवणारा माणूस आपलं सगळ्यांत मोलाचं ओलीस आजारी म्हणून सोडून देईल का, हाही प्रश्न पूर्वपक्षानं स्वतःला विचारायला हरकत नाही.

शेवटचा आणि सर्वांत पेचाचा आक्षेप १६७४ चा आहे. राज्याभिषेकासाठी हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर आला आणि त्या वेळी झालेल्या तहात राजापूरच्या नुकसानीबद्दल कंपनीला १०,००० होन द्यायचं ठरलं. त्याआधी १६७२ त लेफ्टनंट उस्टिक आणि १६७३ त थॉमस निकल्स याच मागणीसाठी येऊन गेले होते. इंग्रज गुन्हेगार होते तर महाराजांनी भरपाई का मान्य केली? हा तर कबुलीजबाबच, असं पूर्वपक्ष म्हणतो.

भरपाई कशाची होती ते पाहा. ती मालाची होती. कैदेची नव्हे, हालांची नव्हे. रकमेचा मोठा भाग रोख द्यायचा नव्हता. तो खरेदीत आणि राजापूरच्या जकातीत वळता करून घ्यायचा होता. म्हणजे कंपनीनं पुन्हा राजापुरात वखार घालावी, माल आणावा, हीच त्यामागची इच्छा. जंजिऱ्याचा सिद्दी अजून गळ्यातला काटा होता आणि तोफा इंग्रजांकडेच होत्या. तहाचं कलम हा राजकारणाचा कागद असतो. त्यावरून तेरा वर्षांपूर्वीच्या चौकशीचा निकाल उलटा लावता येत नाही. उलट या तहानं एक गोष्ट मान्य केली: कंपनीचा माल वेगळा आणि तिच्या वखारदारांचं पन्हाळ्यातलं वागणं वेगळं. १६६२ मध्ये सुरतेनं आपल्याच माणसांविरुद्ध जी रेघ ओढली होती, तीच ही. दोन्ही पक्ष शेवटी एकाच रेघेवर आले आणि त्या रेघेच्या चुकीच्या बाजूला उरले ते सोनगडचे कैदी.

एका मुद्द्यावर मात्र माझा उत्तरपक्ष लंगडा आहे आणि तो तसाच ठेवतो. पन्हाळ्याला रेव्हिंग्टन गेला, गिफर्ड गेला. सोनगडच्या कैद्यांतला प्रत्येक जण तिथे गेला होता, असं कागद म्हणत नाहीत. वखारीचा म्हणून पकडलेल्या धाकट्या नोकरानं मी पन्हाळा पाहिलेला नाही असं सांगितलं असेल, तर ते खरंही असू शकेल. त्याची कैफियत त्याच्या वरिष्ठाच्या कैफियतीशी बांधली गेली आणि तिच्याबरोबर बुडाली. रावजी सोमनाथानं त्याला वेगळं काढून विचारलं का, हे सांगणारा कागद नाही.

त्याच्यावर अन्याय झाला असेल, तर त्यात निम्मा वाटा रेव्हिंग्टनच्या पत्राचा आहे.